तुम्ही विचारलंत म्हणून : थोड्या पैशांत गाडीची ताकद वाढते का?

साताऱ्यात गॅरेज सुरू करून मला आता २३ वर्षे होतील. या काळात एक प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे : "काका, गाडी हीच ठेवायची आहे, हातात वीस-पंचवीस हजार आहेत, तेवढ्यात पिकअप किती वाढवून द्याल?" विचारणारा बहुधा पंचविशीतला असतो आणि त्याची गाडी सात-आठ वर्षे वापरलेली, घरच्यांकडून हातात आलेली असते. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून ते इथे नीट लिहून काढतो आहे.

ताकद वाढवून मागायला येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीने दिलेली ताकदसुद्धा शिल्लक नसते. म्हणून पहिला खर्च ती परत मिळवण्यावर करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि हे ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो हेही मला दिसते.

दोन वर्षांपूर्वी कोरेगावकडचा एक तरुण आपली पेट्रोल स्विफ्ट घेऊन आला. ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना सुमारे ८४ अश्वशक्ती आणि वजन हजार किलोच्या आतबाहेर, म्हणजे कागदावर ही गाडी मुळीच मंद नाही. तरीही ती "ओढतच नाही" अशी त्याची तक्रार होती आणि इंटरनेटवर पाहिलेल्या सुट्या भागांची यादी तो खिशात घालूनच आला होता. मी यादी बाजूला ठेवली आणि गाडी जॅकवर घेतली. मागचे डावे चाक हाताने फिरवले, तर ते अर्धा फेरा जाऊन थांबले. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती आणि ब्रेक कायम थोडा धरलेला राहत होता. एअर फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटला, तेव्हा उसाच्या हंगामातली धूळ आणि पाचटाचा भुसा यांचा छोटा ढीगच पडला. प्लग काढून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावले, तर जिथे एक मिलिमीटरच्या आसपास गॅप हवा तिथे १.४ ची पट्टी सहज आत गेली, आणि इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या होत्या. इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीत कार्बनचा काळा थर होता. शेवटी चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली, तेव्हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढला आणि वेग मात्र होता तिथेच राहिला, म्हणजे क्लच घसरत होता.

काम सुरू करण्यापूर्वी मी त्याला शेजारी बसवून सकाळी साडेसहाला गावाबाहेरच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी नेली. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजले, आणि वारा व उतार यांचा हिशेब सुटावा म्हणून तोच रस्ता उलट दिशेनेही धावून दोन्हींची सरासरी काढली. ती १२.४ सेकंद आली. क्लचचा पूर्ण संच, प्लग, फिल्टर, ब्रेकची केबल आणि साफसफाई यांचा खर्च मजुरीसह सोळा हजारांच्या आत बसला, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी बंद ठेवून पुन्हा मोजले तेव्हा आकडा ९.१ वर आला. इंजिनात मी एकही अश्वशक्ती नव्याने घातली नव्हती.

एवढे झाल्यावरही "आता पुढे काय?" असे विचारले जाते आणि तो प्रश्न रास्त आहे. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद शेवटी एका गोष्टीवर ठरते : एका मिनिटात ते किती हवा आत घेऊ शकते. साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने, या प्रमाणात ते पूर्ण जळते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे असते, हवा जास्त आणणे अवघड. जुन्या मारुती एस्टीमचे उदाहरण मी नेहमी देतो. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या एस्टीममध्ये १२९८ सीसीचे इंजिन ६५ अश्वशक्ती देत असे, आणि पुढे सोळा व्हॉल्व्ह व इंधन इंजेक्शन आले तेव्हा तेवढ्याच सीसीतून ८५ मिळू लागली. वीस अश्वशक्तीची ही वाढ मिळवायला कंपनीला हेडच, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भागच, वेगळे बसवावे लागले. बाहेरून नळी बदलून तेवढा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवली, तर निराशाच पदरी पडते.

त्यामुळे बॉनेटखाली उघडा ठेवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर मी बसवून देत नाही. त्याचा आवाज मोठा येतो आणि आवाजामुळे गाडी जोरात चालल्यासारखी वाटते, पण तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. बाहेरची हवा ३० अंश आणि बॉनेटखालची ६० अंश धरली, तर तेवढ्याच आकारमानात हवा सुमारे नऊ टक्के कमी बसते. कंपनीचा फिल्टरचा बंद डबा पुढच्या जाळीजवळून थंड हवा घेतो, तो फेकून देण्यासारखा नाही. सायलेन्सर मोकळा करण्याचेही तसेच आहे; धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढल्याने मिळणारा फायदा अशा इंजिनात नगण्य आहे, आणि गाडी पीयूसीत नापास होते ते वेगळेच. गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटमध्ये खोचायच्या आठशे-हजार रुपयांच्या "पॉवर चिप"पैकी दोन मी उघडून पाहिल्या आहेत : आत दिवे लुकलुकवणारे सर्किट होते, गाडीच्या संगणकाशी बोलणारे काहीही नव्हते.

इंजिनाला कधी किती इंधन द्यायचे हे ठरवणारा गाडीच्या संगणकातला नकाशा बदलणे, ज्याला सगळे रीमॅप म्हणतात, हा खरा उपाय आहे. पण तो कोणत्या इंजिनावर करता यावर सारे अवलंबून आहे. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात त्यातून चार-सहा अश्वशक्ती मिळाल्या तर पुष्कळ. टर्बो डिझेलमध्ये मात्र हवेचा दाब आणि इंधन दोन्ही वाढवता येतात, त्यामुळे फरक पाठीला जाणवण्याइतका पडतो. १.३ लिटरचे जे डिझेल इंजिन आपल्याकडे स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत चालले, ते १२४८ सीसीतून ७५ आणि ९० अशा दोन प्रकारांत मिळत असे. हे ऐकून अनेकजण म्हणतात, मग ७५ चे ९० फक्त सॉफ्टवेअरने करून द्या. पण ९० वाल्या प्रकाराचा टर्बोसुद्धा निराळा, पात्यांचा कोन बदलणारा होता, हे ते विसरतात.

याबाबतीत मी स्वतः चूक केली आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. २०१३ साली मी माझ्या ७५ अश्वशक्तीच्या डिझेल गाडीला बाहेरून जोडायचा एक ट्यूनिंग बॉक्स लावला. पसरणीचा घाट चढताना गाडी अक्षरशः झेपावत असे, आणि मी महिनाभर येईल त्याला चक्कर मारून आणत होतो. सातव्या महिन्यात पाचगणीच्या अलीकडे जळक्या क्लचचा उग्र वास आला आणि गाडी टोचन करून खाली आणावी लागली. जादा जोर कमी फेऱ्यांतच येत होता आणि मूळ क्लच त्यासाठी बनवलेलाच नव्हता. बॉक्सपेक्षा नव्या क्लचचे आणि फ्लायव्हीलच्या कामाचे बिल मोठे झाले. तेव्हापासून डिझेलच्या रीमॅपची चौकशी करणाऱ्याला मी आधी क्लचचे वय विचारतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी गाडी तपासते तेव्हाही न कळवलेला बदल अंगाशी येतो.

एक गोष्ट मात्र पूर्णपणे फुकट आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढणाऱ्या गाड्या पाहा : चौथा गिअर, वेग चाळीस-पंचेचाळीस, काटा पंधराशेच्या आसपास, आणि पाय पूर्ण दाबलेला. अशा वेळी ८४ अश्वशक्तीचे ते पेट्रोल इंजिन जेमतेम वीस अश्वशक्ती देत असते, कारण ताकद म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) गुणिले फेऱ्या, आणि फेऱ्याच नाहीत. त्याच वेगाला दुसरा गिअर टाकला की काटा तीन हजारांपाशी जातो आणि हाती येणारी ताकद दुपटीहून अधिक होते. इंजिन ओरडते म्हणून लोक घाबरतात. पण ते त्यासाठीच बनवलेले आहे, आणि कमी फेऱ्यांवर दाबून चालवण्यात त्याला जास्त त्रास होतो. अवघड चढावर एसी दोन मिनिटे बंद केला, तर कॉम्प्रेसर खातो ती तीन-चार अश्वशक्तीही परत मिळते. रीमॅपमधून मिळाली असती जवळपास तेवढीच.

एवढे सगळे करूनही पैसे उरले, तर ते ब्रेकच्या नव्या द्रवावर, चांगल्या पॅडवर आणि टायरवर घाला. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि त्या स्विफ्टच्या मागच्या ब्रेक ड्रमची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि माझ्याकडे येण्याआधी मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ४० ते ८० चा वेळ दोन्ही दिशांनी मोजून एका चिठ्ठीवर लिहून आणा. यादीआधी मी तुमच्याकडे ती चिठ्ठी मागणार आहे.