‘सरळ असतं तर?’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढं आलं ते टेबलावरचं एक लिंबू. सोबत द्राक्षाचे दोन मणी आणि काडेपेटीतल्या काड्या.

मी १९८९ च्या दहावीची. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव, घरची दोन एकर बाग. नववीत रासायनिक बंध शिकवताना विज्ञानाच्या सरांनी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एच टू ओ आमचं घोकून झालेलंच होतं. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, आठ व्हायला दोन कमी, हायड्रोजनकडे एकच. मग दोघांनी एकेक घालायचा आणि जोडी दोघांत वापरायची. हा सहसंयुज बंध. सर म्हणाले, “दोन भावांत एक विहीर. पण थोरल्याची मोटार मोठी. पाणी कुणाकडं जास्त जाईल?” विहिरीच्या पाळीवरून भांडणं घरोघरी बघितलेली, त्यामुळं अख्ख्या वर्गानं एकदम उत्तर दिलं. मग फळ्यावर आकडे आले. ऑक्सिजनची विद्युतऋणता, म्हणजे सामाईक जोडी स्वतःकडं ओढायची ताकद, ३.५, हायड्रोजनची २.१. सामाईक जोडी ऑक्सिजनकडं ओढलेली, म्हणून त्याच्या बाजूला थोडा ऋण भार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन.

इथवर पुस्तकातही होतं. त्यानंतर सरांनी लिंबाला दोन बाजूंना काड्या टोचल्या आणि टोकांना एकेक मणी लावला. मणी, लिंबू, मणी, सगळं एका रेषेत. “गाडीला पुढून एक बैल जुंपला आणि तेवढ्याच ताकदीचा मागून उलटा जुंपला, तर गाडी कुठं जाईल?” जागची हलणार नाही, आम्ही म्हणालो. कार्बन डायऑक्साइडचं तसंच आहे, सर म्हणाले. तिथं दोन्ही बंध ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला थोडा ऋण आणि दुसऱ्याला थोडा धन भार असलेले, पण रेणू सरळ असल्यानं दोन्ही ओढी एकमेकींना खाऊन टाकतात आणि रेणू ध्रुवीय राहत नाही. मग त्यांनी एक काडी उपसली आणि अलीकडं तिरपी टोचली. “पाणी असं आहे. ऑक्सिजनच्या पाठीवर कुणालाही न दिलेल्या दोन जोड्या बसल्यात. त्या जागा अडवतात, म्हणून हे दोघं पुढं ढकलले जातात. कोन १०४.५ अंश.” ते लिंबू हातात धरून वर्गाकडं बघत त्यांनी विचारलं, “आणि सरळ असतं तर?”

कुणालाच उत्तर आलं नाही. सरांनी आठवण करून दिली ती प्रयोगशाळेतल्या किपच्या उपकरणाची. त्यातून निघणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू आम्हाला चांगलाच ठाऊक होता. त्याचा रेणूभार ३४, पाण्याचा १८. जड असूनही तो उणे ६० अंशांनाच उकळतो आणि हलकं पाणी १०० अंशांपर्यंत तग धरतं. तो रेणूही वाकडाच, पण गंधकाची ओढ कमी पडते. पाण्यात एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला धरून राहतो. ही हायड्रोजन बंधाची पकड खऱ्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढी, क्षणात सुटणारी आणि क्षणात पुन्हा जुळणारी. कोन सरळ असता तर रेणू ध्रुवीय राहिला नसता, ही पकड अशी जमली नसती, आणि पाणी आपल्या उन्हाळ्यात पाणी म्हणून टिकलं नसतं. त्या दिवशी येरळा नदीच्या कोरड्या पात्रातून घरी जाताना मी सारखा हाच विचार करत होते. पाण्याची वाट बघणाऱ्या गावात वाढल्यामुळं असेल, पण तो तास मला देवळातल्या कीर्तनासारखा लागला.

कंगव्याचा प्रयोगही सरांचाच. कोरड्या केसांवर कंगवा घासायचा आणि शाळेच्या टाकीच्या नळाला अगदी बारीक धार सोडून तिच्याजवळ न्यायचा. जुलैत तो फसला. दोनदा, तीनदा करून बघितला, धार हलेना. सर शांतपणे म्हणाले, “हवा दमट आहे. कंगव्यावर ओल धरते, त्यातनं भार निघून जातो. जानेवारीत बघू.” आणि खरंच जानेवारीत, आम्ही विसरून गेलेलो असताना, त्यांनी कंगवा काढला. ती धार मण्याएवढ्या अंतरावरून कंगव्याकडं वळली. सहा महिने एक प्रयोग लक्षात ठेवणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

पुढं लग्न होऊन गेले ते घरही बागायतदारांचं. आमचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षाच्या मण्यावर जी पांढरट लव दिसते तो मेणाचा थर. मेण ध्रुवीय नाही, पाणी ध्रुवीय आहे. म्हणून आतलं पाणी आत राहतं आणि मणी वेलीवर टवटवीत दिसतो. बेदाणा करायचा तर हेच आडवं येतं. त्यासाठी घड बुडवायचं द्रावण करतात. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. ते मेणाच्या थरात शिरतं, थर विस्कटतो आणि पाण्याला बाहेर पडायला बारीक वाटा मिळतात. मग जाळीवर सावलीत पंधरा दिवसांच्या आत माल सुकतो.

शेडच्या पहिल्याच हंगामात घाईत माझ्याकडून कार्बोनेट न टाकताच तेल ओतलं गेलं. पिंपात सोनेरी वलयं तरंगत राहिली, ढवळलं की फुटायची, थांबलं की पुन्हा वर गोळा व्हायची. तसेच क्रेट बुडवले. काही घडांना तेल लागलं, काही कोरडेच राहिले, आणि जाळीवर अर्धे मणी सुकलेले तर अर्धे फुगलेले. दोन क्रेट माल टाकून द्यावा लागला. रात्री त्या पिंपाजवळ बसले असताना सरांचं लिंबू आठवलं. तेलाला पाण्यात हात धरायला कुणी नाही. कार्बोनेट आधी पाण्यात विरघळवलं की ते तेलातल्या मोकळ्या आम्लांचा साबण करतं, आणि साबणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. दुसऱ्या दिवशी आधी कार्बोनेट, मग थेंब थेंब तेल, हात न थांबवता ढवळणं. पिंप दुधासारखं पांढरं झालं. तेव्हापासून द्रावण मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

मुलगी बी. एस्सी. करत होती तेव्हा तिनं सांगितलं की कंगव्याच्या प्रयोगाचं आमचं स्पष्टीकरण अपुरं आहे. रेणू ध्रुवीय आहेत म्हणून धार वळते असं आम्ही लिहायचो. खरं म्हणजे नळाच्या पाण्यात क्षारांचे विरघळलेले आयन, म्हणजे भार असलेले कण, असतात; कंगवा जवळ आला की विरुद्ध भाराचे आयन धारेत जमतात आणि धारेलाच भार येतो. मुख्य ओढ ती. मला आधी वाईट वाटलं, सरांच्या वतीनं. मग वाटलं, हे त्यांना सांगायलाच हवं.

या ऑगस्टमध्ये सांगलीला गेले तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आले. सर आता ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “म्हणजे क्षार नसलेलं ऊर्ध्वपातित पाणी घेतलं आणि दुसऱ्या धारेत मीठ घातलं, तर फरक पडतो का? बघितलंस करून?”

नव्हतं बघितलं. घरी येऊन कंगवा शोधला, पण बाहेर पावसाची झड लागली होती. ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन आणून ठेवला आहे. जानेवारीत हवा कोरडी पडली की करते, सर.