तुम्ही विचारलंत म्हणून: शेवाळाने रक्तवाहिन्या वाढतात की थांबतात?

मी प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवते हे कळले की ओळखीचे लोक, आणि हल्ली त्यांच्याही ओळखीचे लोक, एकच प्रश्न विचारतात: समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, की त्यांची वाढ थांबते? कुणाच्या घरी हृदयविकाराचा रुग्ण असतो, कुणाच्या घरी कर्करोगाचा; एकाला पहिले उत्तर हवे असते, दुसऱ्याला दुसरे, आणि दोघांच्या हातात बाटली मात्र एकच असते.

त्या बाटलीत बहुधा फ्यूकॉइडन असते. तपकिरी शेवाळातली ही सल्फेटयुक्त शर्करासाखळी स्वीडनच्या हाराल्ड किलिन यांनी १९१३ साली वेगळी काढली. जपानमध्ये ती वाकामे आणि मोझुकू या खाण्याच्या शेवाळांपासून मिळवतात. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरच्या सरगॅसम या शेवाळातही ती असते.

तिचा परिणाम पाहतात तो बाळाच्या नाळेतल्या शिरेतून मिळवलेल्या अस्तराच्या पेशींवर. मेट्रिजेल या प्रथिनांच्या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर त्या पसरून ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्या, की काही तासांतच त्या लांबट होतात, एकमेकींना भिडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण दिसू लागते; नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा हा बशीतला नमुना. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी माझे मन भरत नाही. मोठ्या रेणूचे, विशेषतः जादा सल्फेट जोडलेले फ्यूकॉइडन दिले तर ही वीण विरळ होते, कारण वाढीचा निरोप आणणारे व्हीईजीएफ हे प्रथिन पेशीवरच्या आपल्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूला, नीट चिकटू शकत नाही. याउलट फ्रान्समधल्या प्रयोगांत तोडून लहान केलेले रेणू एफजीएफ-२ या दुसऱ्या वाढ-प्रथिनाच्या जोडीने दिले, तेव्हा वीण अधिक दाट झाली. सशांच्या धमन्यांत स्टेंट बसवून केलेल्या अभ्यासात याच लहान रेणूंनी स्टेंटच्या आत येणारी जाडी कमी केली. म्हणजे अस्तराच्या पेशींना साथ देणारे द्रव्य भिंतीतल्या स्नायूपेशींना आवर घालते. मला स्वतःला हा भेद सर्वांत मोलाचा वाटतो, कारण स्टेंटनंतर नेमके तेच हवे असते.

त्यामुळे ‘शेवाळाचा अर्क’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. शेवाळाची जात, काढणीचा हंगाम आणि अर्क काढण्याची रीत यांवर रेणूची लांबी आणि सल्फेटचे प्रमाण बदलते, आणि वेष्टनावर नुसते मिलिग्रॅम छापलेले असतील तर त्यातून हे दोन्ही कळत नाही. शिवाय बशीतल्या पेशींना द्रव्य थेट मिळते. गिळलेल्या कॅप्सूलमधले एवढे मोठे रेणू रक्तात फारच थोडे पोहोचतात.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. फ्यूकॉइडनमध्ये हेपॅरिनप्रमाणे रक्त गोठू न देण्याचा गुण आहे. घरातल्या रुग्णाला वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर कॅप्सूल सुरू करण्याआधी ती बाटली डॉक्टरांना दाखवा.