तुमच्या चर्चला पैसा रोमवरून येतो ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही, काढला की मला थांबवणं कठीण जातं असं घरचे म्हणतात. माझं माहेर वसई, सासर गोव्यातलं बार्देश, नोकरी पणजीत, त्यामुळे डबा खाताना, पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, सोसायटीच्या गणपतीत, हा एकच प्रश्न ठरलेला. "एवढी पांढरीशुभ्र चर्चेस, दरवर्षी रंग, लायटिंग, बँड, हे सगळं चालतं कसं? रोमवरून येत असणार ना पैसा?"

नाही येत. उलट थोडा जातो. जूनच्या शेवटी सेंट पीटर-पॉलच्या सणाच्या आसपास एका रविवारचं कलेक्शन पोपच्या दानकार्यासाठी जातं. गुड फ्रायडेचं जेरुसलेमकडच्या पवित्र भूमीसाठी. ऑक्टोबरात मिशन संडे असतो, 1926 मध्ये सुरू झालेला, त्या दिवशीचं जगभरातल्या गरीब धर्मप्रांतांसाठी. तिथून काही गरीब जागी परत येतंही, अगदी भारतातही, पण आमच्या फिरगजीच्या छपराला नाही. (एका चर्चच्या हद्दीतले सगळे लोक आणि परिसर म्हणजे फिरगज, वसईला आम्ही धर्मग्राम म्हणायचो.) आणि परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं, रजिस्ट्रेशन लागतं, 2020च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो, म्हणजे लपूनछपून पोती येतात हे जे तुमच्या काकांनी व्हॉट्सॲपवर वाचलंय ते राहू द्या.

मग येतो कुठून, तर रविवारच्या पिशवीतून. मिस्साला अर्पणाच्या वेळी पिशवी फिरते, त्यात दहाच्या नोटाही असतात आणि पाचशेच्याही, हल्ली दारात क्यूआर कोडसुद्धा चिकटवलाय. काही चर्चेसना जुनं भाट म्हणजे माडांची बाग आहे, नारळाची पावणी म्हणजे लिलाव होतो, एखाद्या जुन्या घराचं भाडं येतं, ते भाडं इतकं जुनं की ऐकून हसू येतं. पोर्तुगीज काळात इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, खर्चाचा मोठा वाटा कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, उचलायची, गावाच्या शेताच्या उत्पन्नातून. ते दिवस गेले. आता जे काही आहे ते घराघरातून.

हे सगळं सांभाळतं कोण, हा खरा प्रश्न, पण तो कोणी विचारत नाही. लोकांना वाटतं पाद्री सगळं बघतो. कायद्याने पाद्र विगार, म्हणजे फिरगजीचा प्रमुख पाद्री, मुख्य आहेच, पण इगर्जीच्या पैशाअडक्याची आणि वास्तूची व्यवस्था बघायला इथे फाब्रिका असते, त्यात गावचेच लोक प्रोकुरादोर म्हणजे प्रतिनिधी, खजिनदार म्हणून. त्याशिवाय कोन्फ्रारी, म्हणजे जुने बंधुसंघ, प्रोसेशनला लाल-पांढरे ओप-मुर्स, म्हणजे झगे, घालून चालतात ते. 1983च्या कॅनन लॉने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, प्रत्येक फिरगजीत फायनान्स कौन्सिल सक्तीचं केलंय. आमच्याकडे वर्षाचा हिशेब नोटीस बोर्डावर लागतो आणि मिस्सा संपल्यावर निम्मा गाव चष्मा पुसून तो वाचतो, चुनाकामाला एवढे का लागले यावर बाहेर तिंटोवर, म्हणजे गावच्या चौकात, संध्याकाळपर्यंत चर्चा. मला हे फार आवडतं. ज्याने वीस रुपये टाकलेत तोही विचारतो.

पण खरं सांगू का, पैसा हा त्यातला सोपा भाग. पिशवीत नोट टाकली की सुटलो. फिरगज चालते ती पाळ्यांवर. इगर्ज झाडायची पाळी, फुलांची पाळी, वाचनाची पाळी, आजाऱ्यांना कोमुन्यांव म्हणजे मिस्साचा प्रसाद द्यायला जाणाऱ्यांची पाळी, दोतोर्न म्हणजे मुलांना धर्मशिक्षण शिकवणारे वेगळे. हे दोतोर्नवाले म्हणजे आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी पस्तीस पोरांना एका खोलीत आवरणारे लोक, एक रुपया मिळत नाही, वर आयांच्या तक्रारी. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे लोक, पॅरिसमध्ये 1833 साली काही कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेली संस्था ती, इथे गावागावात तिची शाखा, कोणाचं वीजबिल थकलंय, कोणाला डायलिसिसला जायला गाडी हवीय हे त्यांना माहीत असतं आणि ते कुठेही बोलत नाहीत. मी विचारलं तरी सांगत नाहीत.

आणि वाडे. प्रत्येक वाड्यावर पंधरा-वीस घरांचा छोटा समुदाय असतो, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, जमायचं, बायबलचा उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, मग चहा आणि गावगप्पा. नवीन होते तेव्हा मला वाटायचं चहासाठीच जमतात. नंतर कळलं की खरं काम त्या चहातच होतं. आमच्या वाड्यावर अर्ध्या घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत, पोरं इंग्लंडात स्विंडनला नाहीतर दुबईला नाहीतर बोटीवर नोकरीला. सायबीण जेव्हा घरोघर फिरते, म्हणजे मारियेची मूर्ती, आज या घरी, उद्या आख्खा वाडा गात गात ती पुढच्या घरी नेतो, तेव्हा त्या निमित्ताने प्रत्येक घराचं दार वर्षातून एकदा तरी उघडतं. एका मावशींचा फ्रीज बंद पडून कितीतरी दिवस झालेत आणि इन्सुलिन बाहेरच पडलंय हे लादाइनच्या, म्हणजे सायबिणीपुढे गायच्या प्रार्थनेच्या, रात्री एका पोराच्या लक्षात आलं, पाणी शोधायला गेला होता बिचारा स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी फ्रीज दुरुस्त. कोणी ठराव केला नाही, कमिटी बसली नाही.

माझा स्वतःचा शिरकाव झाला तो नोव्हेंबरात. सेंट झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, 3 डिसेंबरला, ओल्ड गोव्याला चालत येणारे खूप, बेळगावकडून, सावंतवाडीकडून. सावंतवाडीवाले आमच्या बाजूने येतात आणि वाटेत फिरगजींच्या हॉलमध्ये उतरतात. पाय सुजलेले, बायका, म्हातारे, कडेवर पोरं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं बोलणं मालवणी नाहीतर मराठी, आणि इथल्या जुन्या बायकांना वाटायचं आपलं बोलणं त्यांना नीट समजेल की नाही, मग कोणीतरी म्हणालं ती वसयची सून आसा न्ही, तिला बोलवा. तशी मी पेज वाढायला उभी राहिले. त्याआधी मिस्साला माझी ठरलेली मागची जागा होती, "कोणाची गो तू" एवढीच ओळख. आता मला नारळ किती लागतील ते विचारतात. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झेवियरचं दहा वर्षांनी येणारं शवदर्शन होतं तेव्हा तर विचारू नका, पाण्याची रांग, चपलांची रांग, हरवलेली आजी शोधायची ड्युटी, सगळीकडे फिरगजींमधून गेलेले व्हॉलंटियर. ऑफिसात मी रजा टाकली तर साहेब म्हणे ओव्हरटाइम देतात का तिथे.

आता जे बोलायला थोडं अवघड आहे ते. इथले लोक इगर्जीला "आमची" म्हणतात, आणि म्हणूनच देतात, म्हणूनच राबतात, पण त्याच "आमची"तून दारही बंद होतं. कोन्फ्रारी पूर्वी जातीजातीच्या वेगळ्या होत्या, बामण, चार्दो, सुदीर, आणि काही गावांत अमुक फेस्त फक्त गावकरांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, कोन्फ्रारीचंच हा हट्ट अजून आहे, त्यावरून भांडणं झालीत. धर्म बदलला, जात सामानात बांधून आणली. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं की जे गेली चाळीस वर्षं इथे राहतायत त्यांना कोन्फ्रारीत का नाही घेत, तर म्हणाले, हे आमच्या पूर्वजांनी बांधलंय. मी म्हटलं अंकल, पूर्वजांनी बांधलं आणि सांभाळायला दिलं, नावावर करून नाही दिलं. ते हसले, पण उत्तर काही दिलं नाही. अजून भेटले की विचारपूस करतात, सदस्यत्वाचं मात्र जैसे थे.

झारखंडची, ओडिशाची पोरं, बांधकामावर, हॉटेलात, ती पण कॅथलिक आहेत, रविवारी मागे उभी असतात. त्यांच्यासाठी काही ठिकाणी हिंदीत मिस्सा असते, ते चांगलंच आहे, पण वेगळी मिस्सा दिली की झालं असं समजायची आपल्याला सवय लागते. 2021 ते 2024 सिनॉड, म्हणजे चर्चची सल्लामसलत, चालला, पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या फिरगजींना विचारायला लावलं की चर्चमध्ये तुमचं कोण ऐकतं, कोण ऐकत नाही. आमच्या हॉलमध्येही बैठक झाली. सगळे बोलले, पंख्यांबद्दल पण बोलले. मग कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं की जे या हॉलमध्ये नाहीयेत त्यांना विचारायला कोण जाणार? शांतता. शेवटी तीच आणि अजून दोघं-तिघं गेली, मजुरांच्या खोल्यांवर. आज त्या खोल्यांमधला एक मुलगा आमच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो, आणि कोंकणी लादाइन इथल्या पोरांपेक्षा बरं म्हणतो, यावर कोणी वाद घालू नये.

पास्टोरल कौन्सिल नावाची गोष्टही आहे, निवडून आलेले लोक, पण कायद्यात ती सल्लागारच. ऐकायचं की नाही ते विगाराच्या हातात. चांगला विगार असेल तर कौन्सिल काम करते, नसेल तर चहा-बिस्किटं. आणि पाद्रींची दर काही वर्षांनी बदली होते, बसवलेली घडी नवीन आलेला परत विस्कटतो, कधी चांगल्यासाठी कधी उगाच. म्हणून मी म्हणते की राहणारे आपण आहोत, ते पाहुणे, कारभार आपल्याला आला पाहिजे. यावर आमच्या घरातच एकमत नाही, नवऱ्याचं म्हणणं लोकांच्या हातात सगळं दिलं तर तीन घराणी मिळून चर्च खातील. त्याच्याही बोलण्यात तथ्य आहे.

फेस्ताचं बोलू का? नको, लांबेल. एवढंच, की पूर्वी एक प्रेजिदेन्त असायचा, बहुतेक वेळा बोटीवरचा नाहीतर गल्फमधला, सगळा खर्च त्याचा आणि मानही त्याचा. आता बऱ्याच गावांत वाडे मिळून फेस्त करतात. फटाके कमी झाले, बँड लहान झाला, काही जण नाक मुरडतात. मला तरी हे बरं वाटतं, कोणाच्या दारूकामाचा आवाज मोठा ही स्पर्धा देवाच्या नावावर कशाला.

शेताचं मात्र सांगते, कारण तिथे मला माझी वसई दिसते. ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त असतं, रायला 5 तारखेला, ताळगावला 21ला, नवीन भाताची कणसं कापून आशीर्वाद घेतात. आणि त्याच वेळी किती गावांत शेतं पडीक, खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध फुटलेले. कणसं आशीर्वादापुरती तरी कुठून आणायची असा प्रश्न. पोपचं निसर्गावरचं पत्र 2015 मध्ये आलं, आपल्याला दिलेलं घर आपण राखायचं वगैरे, पण इथल्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं असं मला वाटतं, 2006च्या शेवटी रीजनल प्लॅन 2011, म्हणजे सरकारचा जमीन वापराचा आराखडा, याविरुद्ध सगळा गोवा उठला त्यात फिरगजींचे लोकही रस्त्यावर होते, 2007च्या जानेवारीत प्लॅन रद्द झाला. वसईत हरित वसईच्या, म्हणजे तिथली हिरवळ वाचवायच्या चळवळीच्या, काळात आमच्या घरातले मोर्चाला जायचे तेव्हा मी लहान होते, आई भाकऱ्या बांधून द्यायची. काही गावांत आता पाद्री आणि लोक मिळून पडीक शेतं परत लावतायत. आमच्याकडे यंदा बोलणी झालीत, ट्रॅक्टर कोणाचा आणि डिझेल कोणाचं यावर अडलंय.

आणि हो, याच्या मागोमाग हमखास येणारा प्रश्न, आम्ही हिंदू, आम्ही पेटीत टाकलं तर चालतं का? अहो चालतं काय, म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला जाऊन बघा, तिला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, तेल घेऊन आलेल्यांत अर्ध्याहून जास्त हिंदूच दिसतील. फक्त टाकण्याआधी पेटीवर काय लिहिलंय ते वाचा, गरिबांची पेटी वेगळी, इगर्जीच्या दुरुस्तीची वेगळी, मेणबत्त्यांची वेगळी. मला विचाराल तर गरिबांच्या पेटीत टाका. आणि वेळच द्यायचा असेल तर नोव्हेंबरच्या शेवटी हॉलवर या, कांदे सोलायला माणसं कायम कमी पडतात.