गळ्यावरच्या पुळ्या आणि सेफ्टी रेझर: आठ आठवड्यांची नोंद

दिवस 1 ते 28

रेझर कपाटात. गळा आधीच पुळ्यांनी भरलेला असताना नवं तंत्र सुरू केलं, तर जुनं दुखणं कुठलं आणि नवं कुठलं हे कळणारच नाही. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो. चार आठवड्यांत तो 1 सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि तेवढ्या लांबीला कातडीत अडकलेले बहुतेक केस आपल्याच ताणाने सुटून बाहेर येतात. अगदीच अवघडल्यासारखं वाटलं तर टोकं कात्रीने सारखी करायची, पण 5 मिलिमीटरच्या खाली जायचं नाही.

न सुटलेला केस भिंगाखाली पाहण्यासारखा असतो. बारीक काळी कमान दिसते: एक टोक मुळातून निघालेलं, दुसरं शेजारच्याच कातडीत रुतलेलं. निर्जंतुक केलेली सुई कमानीखालून घालून रुतलेलं टोक उचलायचं आणि सोडून द्यायचं. चिमट्याने उपटायचा मोह आवरा. उपटलेल्या जागी येणारा नवा केस वर येता येता मुळाच्या भिंतीतूनच बाजूला घुसू शकतो, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

केस आत शिरतो तो दोन वाटांनी. कुरळा केस बाहेर येऊन वळतो आणि परत कातडीत शिरतो, ही पहिली. दुसरी वाट आपण करून देतो: केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापला की तो आत सरकतो आणि तिरप्या कापलेल्या टोकाने आतूनच भिंत भेदतो. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस वर ओढतं आणि पुढचं खाली कापतं, म्हणून तिथे हे सहज घडतं. सेफ्टी रेझरला पातं एकच, पण कातडी ताणून उलटा हात मारला, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध फिरवला, तर तोही हेच करतो. ‘रेझर बदलला, प्रश्न सुटला’ हे म्हणूनच अर्धंच खरं आहे.

दिवस 29

आज फक्त नकाशा. केस 2 मिलिमीटरवर आणून कापसाचा कोरडा बोळा चारही दिशांनी फिरवला. जिथे तंतू अडकतात ती उलटी दिशा, जिथे घसरतो ती सुलटी. गालावर सगळं सरळ खाली. गळ्यावर मात्र कंठमण्याच्या डावीकडे केस आडवे, आणि त्याखाली चक्क भोवरा. पुळ्यांचा जुना अड्डा नेमका तोच. ‘वरून खाली म्हणजे सुलटं’ असं धरून चाललं की या भोवऱ्यावर निम्मा हात उलटाच पडतो. कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा, आरशात उजवं-डावं हमखास गोंधळतं.

दिवस 30: पहिली दाढी

रेझर सौम्य, बंद कडेचा, म्हणजे पातं आणि कड यांत फट कमी असलेला. पातं नवं. ते जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे डोकं पूर्ण आवळलं नाही तर धार थरथरते. आवळताना पात्याची दोन बोथट टोकं चिमटीत धरायची आणि नंतर रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजूंना पातं सारखंच बाहेर डोकावतंय ना ते बघायचं. ‘एका बाजूने छान होते, दुसरी ओरखडते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

आंघोळीनंतर 3 मिनिटं कोमट पाण्याने भिजवलेला टॉवेल. पाणी प्यायलेला केस मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. कडकडीत पाणी नको, त्याने कातडी आधीच लाल होते.

फेसावर जरा थांबू, कारण जळजळीचं मूळ पुष्कळदा इथे असतं आणि आळ येतो पात्यावर. 1 ग्रॅमच्या आसपास क्रीम, ब्रश झटकून घेतलेला, मग पाणी थेंबाथेंबाने. पहिल्या अर्ध्या मिनिटात जो पांढरा फुगीर फेस येतो तो फसवा असतो. त्यात हवाच जास्त. त्याची टोकं उभी राहतात, दिसायला झकास, पण चेहऱ्यावर मिनिटभरात सुकतो. आणखी थोडं पाणी पाजून घोळवत राहिलं की बुडबुडे दिसेनासे होतात, रंग किंचित दबतो आणि पृष्ठभागावर ओली चमक येते. अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा: बोटं एकमेकांवर निसटली पाहिजेत, चिकटली तर पाणी कमी. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चोथा करतं, फेस कितीही घोळवा, धरत नाही. अशा वेळी फेसापुरतं डिस्टिल्ड पाणी घ्या.

कोन: रेझरची टोपी, म्हणजे पात्यावरचं झाकण, गालाला टेकवायची, दांडा गालाला काटकोनात. मग दांडा हळूहळू खाली आणायचा, पातं केसाला लागल्याचा खरखर आवाज सुरू झाला की थांबायचं. पातं आणि कातडी यांत साधारण 30 अंश होतात. दांडा याहून कातडीकडे झुकवला की पातं खरवडायला लागतं. हात 2-3 सेंटिमीटरचा, मग पाण्यात खळखळून धुवायचं. जोर रेझरच्या वजनाचा, आपला शून्य. दांडा टोकाजवळ दोन-तीन बोटांत धरला की दाबायची सोयच राहत नाही.

फक्त एक सुलटा हात. भोवऱ्यावर तीन वेगवेगळ्या दिशांचे छोटे हात, नकाशाप्रमाणे. संपल्यावर हात फिरवला तर खुंट लागतात. लागू देत. तो जो अर्धा मिलिमीटर मागे राहतो, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

नंतर गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. 20-30 सेकंद ठेवून धुवायची, शेवटी बिनवासाचा आफ्टरशेव्ह बाम. तुरटी रक्त थांबवते हे झालंच, पण तिचा मोठा उपयोग पहारेकऱ्याचा: जिथे चुरचुरलं तिथे कातडी खरवडली गेली आहे. आज हनुवटीखाली चुरचुर, बाकी शांत.

दिवस 32 ते 43

दर तिसऱ्या दिवशी हेच. चौथ्या दाढीनंतर पातं बदललं. पातं टॉवेलने पुसू नका, धारेवरचा पातळ थर जातो. नुसतं झटकून ठेवा. दाढी नसलेल्या रात्री, आठवड्यातून दोनदा, 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड गळ्यावर. त्याने मृत पेशींचं झाकण सुटतं आणि केसाला वर यायला वाट मिळते. ताज्या दाढीवर लावलं तर मात्र बोंब. भोवऱ्यावर नवीन काही नाही.

दिवस 44 ते 50: माती खाल्ली

सुलट्यानंतर दुसरा, केसांच्या दिशेला आडवा हात सुरू केला. गालांवर मस्त. जबड्याच्या कोपऱ्यात मात्र मान मागे टाकून कातडी वर ओढली आणि राहिलेल्या दोन-चार खुंटांवर बिनफेसाचा रेझर पुन्हा फिरवला. तुरटी लगेच बोलली. तिसऱ्या दिवशी तिथेच दोन पुळ्या.

ही वेळ लिहून ठेवण्यासारखी आहे. दाढी होताच लाली आणि आग, जी एक-दोन दिवसांत ओसरते: कोन, जोर किंवा फेस चुकला. दोन-तीन दिवसांनी टणक पुळी, मधोमध केस: फार खोल कापलं. पहिल्यावर पातं बदलून बघता येतं. दुसऱ्यावर पात्याची बदलाबदली व्यर्थ, तिथे हातच कमी करावे लागतात. पू धरलेल्या, पसरणाऱ्या पुळ्या किंवा वाढत जाणारे जाड वण हे मात्र नोंदवहीचं काम नाही, त्वचारोगतज्ज्ञांचं आहे.

दिवस 51 ते 56

जबड्यावर सुटी, सहा दिवस रेझर नाही. गालांवर सुलटा आणि आडवा, गळ्यावर एकच सुलटा, भोवरा नकाशाप्रमाणे. कातडी ताणायची नाही, फक्त सपाट होईल इतपत बोट टेकवायचं. दोन्ही पुळ्या बसल्या, जागेवर फिकट तपकिरी डाग आहे.

पुढच्या पंधरवड्यात एकच बदल: दर तिसऱ्याऐवजी दर दुसऱ्या दिवशी दाढी. रेझर, पातं, क्रीम तेच. काही जण रोजच्या दाढीला जास्त सुखात असतात, कारण केसाला वळून परत शिरण्याइतकी लांबीच मिळत नाही. भोवरा याला काय म्हणतो ते दिवस 70 ला.