होडी तयार झाली

आज संध्याकाळी होडी पाण्यात लोटली. कर्ली खाडीत, देवबागच्या आतल्या अंगाला. फळ्या जुन्या, पण अजून टणक. गेले चार रविवार काकांच्या हाताखाली फटींत सूत ठोकत होतो. वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात दिले. हातांची सालं निघाली, पण त्या तेलाला कीड शिवत नाही.

पैसे मोजकेच होते. नांगर म्हणून दोरात घट्ट बांधलेला जांभा दगड. तरंगायला तेलाचे रिकामे कॅन. जुन्या कांडाळीचं, म्हणजे जुन्या जाळ्याचं, शिसं काढून नव्या जाळ्याला ओवलं. उलांडीचं, म्हणजे होडीच्या बाजूला बांधायच्या तरंगत्या ओंडक्याचं, लाकूड मात्र काकांनी स्वतः निवडलं, दोनदा परत पाठवलं. लहान होडीचा तोल तिच्यावरच, तिथे काटकसर नको.

लाइफ जॅकेट जुनं मिळत होतं. काका म्हणाले, "दगड चलतलो, पण ह्यां नवीन घे रे." घेतलं.

भरतीला वल्हं मारलं. थेंबभरही पाणी आत आलं नाही. गरीला एक छोटी तांबोशी लागली, ती सोडून दिली. काका काठावर उभे राहून नुसते बघत होते, आणि माझे डोळे भरून आले.