तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी सायकल किराण्याला जुंपताना

‘जुनी सायकल पडून आहे. मागे कॅरिअर बसवलं की आठवड्याचा किराणा आणता येईल ना?’ हे मला वरचेवर विचारलं जातं. येईल, नक्की येईल. पण कॅरिअर सगळ्यात शेवटी घ्या. आधी ब्रेक आणि मागचं चाक बघा. वीस किलो लादलेली सायकल चालवायला फार जड जात नाही, थांबवायला जाते.

फ्रेम लोखंडी असेल तर उत्तमच. जोडांपाशी आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) बसतो त्या पट्ट्यांपाशी रंग फुगलाय का, बारीक तडा दिसतोय का, एवढं तपासा. तडा असेल तर त्या फ्रेमवर ओझं नको.

मागच्या चाकाला 36 स्पोक असले तर बरं. शेजारशेजारचे दोन स्पोक चिमटीत दाबत पूर्ण चाक फिरा. एखादा ढिला लागला की तिथे थांबा. ढिला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ताणला जातो, सैल होतो, आणि शेवटी हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकलेल्या जागी तुटतो. म्हणून ओझं लादण्याआधी चाकाचा आउट (डगमग) काढून घ्या आणि सगळे स्पोक सारखे ताणून घ्या. टायर फ्रेममध्ये मोकळा फिरेल इतका रुंद घ्या. 1.75 इंची बसला तर छान. मागची हवा टायरवर छापलेल्या वरच्या आकड्याच्या जवळ ठेवा.

रिम स्टीलची असेल तर पावसात ब्रेक लागता लागत नाही. अ‍ॅल्युमिनिअमची रिम बसवून घेणं हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा बदल आहे, असं माझं ठाम मत आहे. जुने, कडक झालेले ब्रेकचे रबर तर बदलाच.

आता कॅरिअर. 25 किलो क्षमतेचं आणि पाय थेट एक्सलपाशी टेकणारं घ्या. नुसतं सीटच्या दांड्याला आवळलेलं कॅरिअर वळणावर बाजूला फिरतं. फ्रेमला भोकं असतील तर 5 मिमीचे बोल्ट लागतात. नसतील तर रबराचं अस्तर असलेले क्लॅम्प वापरा. चेनच्या बाजूच्या बोल्टाकडे मात्र नीट बघा: त्याचं टोक आतून दोन-तीन मिमी जरी पुढे आलं, तरी चेन सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आली की त्याला घासते, कधी अडकून चाकच जाम होतं. बोल्ट आतून सपाट राहील एवढाच लांब हवा.

वजन कॅरिअरवर रचू नका, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली जाऊ द्या. उंचावरचं वजन सायकलला झोकांड्या देतं. पायडल मागे नेऊन टाच पिशवीला लागते का, ते पाहा. लागत असेल तर पिशवी मागे सरकवा, पण वजन एक्सलच्या फार मागे गेलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरतं. पिशवी खालून अडकवलेली हवी आणि एकही पट्टा लोंबता नको. तो स्पोकमध्ये गेला की संपलं. हँडलच्या टोपलीत हलक्याच वस्तू ठेवा, चार-पाच किलोंच्या आत.

एका पायाच्या स्टँडवर सामान भरताना सायकल हमखास आडवी होते, म्हणून दोन पायांचा स्टँड बसवा. भरताना ब्रेकचा दांडा रबराने हँडलला बांधून ठेवला की सायकल सरकत नाही.

गिअर नसेल आणि चढ असेल, तर मागचं 18 दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) काढून 22 दातांचं टाका. पुढे 44 दात असतील तर एका पायडल-फेऱ्यात चाक 2.44 ऐवजी 2 वेळा फिरेल. वेग थोडा जाईल, गुडघे वाचतील. चेन मात्र लांब करावी लागू शकते.

पहिली फेरी किराण्याची नको. पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या, दोन्ही बाजूंना पाच-पाच, भरून मोकळ्या जागेत ब्रेक दाबून बघा. पहिल्या तीसेक किलोमीटरनंतर कॅरिअरचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्याने बसवलेले बोल्ट एकदा तरी ढिले होतातच.