खलिफाचा प्रश्न आणि काझींची पंचाईत

अब्बासी खलिफा अल-मामून म्हटलं की ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरं आठवतात. कौतुक रास्तच आहे. पण याच विद्याप्रेमी माणसाने इ.स. 833 मध्ये बगदादच्या अधिकाऱ्याला फर्मान धाडलं: काझी आणि धर्मपंडितांना बोलावून विचारा, कुराण निर्मित, म्हणजे अल्लाहने कधीतरी घडवलेलं आहे, की अनादि? ‘निर्मित आहे’ म्हणणाऱ्यांनाच पद मिळणार, साक्षीला किंमत राहणार.

बिश्र इब्न अल-वलीद या काझींची जबानी मला भलतीच आवडते. ते म्हणाले, कुराण ही अल्लाहची वाणी. अधिकारी म्हणाला, तो प्रश्नच नाही, निर्मित आहे का? काझी म्हणाले, अल्लाह सर्व वस्तूंचा निर्माता आहे. मग कुराण वस्तू नाही का? आहे. म्हणजे निर्मित? ते निर्माता नाही! (कसलेला वकीलच की.)

बहुतेकांनी मान तुकवली. अहमद इब्न हनबल हे धर्मपंडित बधले नाहीत. त्यांना बेड्या घालून तार्सूसकडे, मामूनसमोर नेत असतानाच मामून वारला. पुढचा खलिफा मुअतसिम याच्या काळात त्यांनी फटकेही खाल्ले. नंतरचा खलिफा मुतवक्किल याने हा प्रकार थांबवला. तोवर लोकांच्या लेखी धर्मातला अखेरचा शब्द खलिफाकडून उलेमांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे गेला होता. मामूनला नेमकं उलटं हवं होतं.